घड्याळ पोरीचं बघ

पेण

चि. बाळास,


काल तुझा फोन ठेवला आणि झोप येईना, म्हणून लिहायला बसलो. फोनवर मी नुसता हो-हो म्हणत राहतो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तीस वर्षं लोकांचे दस्त तपासले, त्यामुळे मला जे सांगायचं ते कागदावरच सुचतं.

तू म्हणालास, ग्रीन कार्डाची पाच वर्षं यंदा भरतात, पण नागरिकत्वाचा अर्ज आणखी दोन वर्षांनी करीन. तोवर सूनबाईंचा नंबर ग्रीन कार्डवाल्यांच्या बायकांच्या रांगेतून लागला तर लागेल, आणि आपला भारतीय पासपोर्ट जितका टिकेल तितका टिकवावा. हे शेवटचं ऐकून मला आतून बरं वाटलं. तरीही सांगतो, थांबू नकोस. पाच वर्षं पुरी व्हायच्या नव्वद दिवस आधी अर्ज देता येतो. त्याच आठवड्यात दे.

कारण आपली छोटी. सातवीत गेली, बारा पुरी झाली. ‘सावत्र’ हा शब्द आपल्या घरात कुणी उच्चारत नाही, पण अमेरिकेच्या कायद्यात तो आहे. २००१ पासून तिथे असं आहे की आईबापांपैकी एक जण नागरिक असला आणि अठराच्या आतलं मूल ग्रीन कार्डावर त्याच्यापाशी राहत असलं, तर ते आपोआप नागरिक होतं. सावत्र बापाच्या नागरिकत्वाने मात्र हे होत नाही, त्याने रीतसर दत्तक घेतलं तरच. तिच्या वडिलांचं नाव तिच्यापाशी राहावं असं तू स्वतःच ठरवलंस, आणि ते मला पटलंय. मग तिला हे मिळायचं ते आईकडून. म्हणजे छोटीला अठरा पुरी व्हायच्या आत सूनबाईंची शपथ व्हायला हवी.

आता बोटांवर मोज. एरवी ग्रीन कार्डावर पाच वर्षं काढावी लागतात, नागरिकाच्या बायकोला तीन पुरतात. पण त्या तीन वर्षांत दोघं एकत्र राहत असावी लागतात आणि नवराही पुरी तीन वर्षं नागरिक असावा लागतो. तू यंदा अर्ज दिलास आणि छोटी चौदाची व्हायच्या आत मायलेकी तिकडे पोचल्या, तर ती सतराची होईतो सूनबाई अर्जाला पात्र होतात. तू दोन वर्षं दवडलीस तर ती तीन वर्षं मोजायला सुरुवातच होईल ती पंधराची झाल्यावर. सगळं आटपेपर्यंत अठरा उलटलेली. तिचं कार्ड काही जाणार नाही, पुढे ती स्वतःच्या बळावर अर्ज करील. पण घरात आई एका देशाची आणि लेक दुसऱ्या देशाची, हे टाळता येत असताना कशाला?

परवा इथल्या सिनेगॉगवरून जाताना मनात आलं. पेणकर, रोहेकर, अष्टमकर अशी आपल्या गावांची नावं लावणारी बेने इस्रायली कुटुंबं इस्रायलला गेली. ज्यू माणसाला तिथे येऊन नागरिक होण्याचा हक्क देणाऱ्या १९५० च्या कायद्यात १९७० साली दुरुस्ती झाली आणि त्याच्या जोडीदाराला, मुलांनाही तोच हक्क मिळाला. तिथे सगळ्यांचं घड्याळ एकत्र लागतं. अमेरिकेत प्रत्येकाचं वेगळं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तू पाठवलेली आय-१३० अर्जाची प्रत मी भिंग लावून वाचली. अर्ज एकच आहे, सूनबाईंच्या नावाचा. छोटीचं नाव फक्त आत, मुलांच्या रकान्यात. तू ग्रीन कार्डवाला आहेस तोवर हे चालतं, आईच्या पदराला धरून मूल जातं. ज्या दिवशी तू शपथ घेशील त्या दिवशी सूनबाई रांगेतून निघून थेट नागरिकाची पत्नी ठरतील. त्या वर्गाला दरवर्षीच्या आकड्याची मर्यादा नाही, पण त्यात पदराला धरून कुणी जात नाही. छोटीच्या नावाचा वेगळा आय-१३० लागतो. तो आजच भर, शपथेची वाट बघू नकोस.

तुझ्या आत्याच्या घरी काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. आत्याचे यजमान नोकरीतून कार्ड मिळवून गेले. सासूच्या आजारपणामुळे आत्या आणि तिची लेक, तुझी ताई, मागे राहिल्या. त्यांच्याच कार्डाच्या आधारे दोघींना मागाहून जाता आलं असतं, पण त्याआधीच १९९८ साली ते नागरिक झाले आणि ती वाट बंद झाली. नव्याने अर्ज केले. आत्या वर्षभरात तिकडे गेली. ताईला तेवढ्यात एकवीस पुरी झाली आणि ती मोठ्या मुलांच्या रांगेत जाऊन पडली. चार वर्षं ती आमच्याकडे होती. स्थळं येत, पण लग्न केलं तर आणखी मागच्या रांगेत, म्हणून प्रत्येकाला नाही कळवायचं. जोह्याच्या कारखान्यात ती गणपतींच्या डोळ्यांची आखणी करायला जायची. संध्याकाळी येऊन ओटीवर बसायची आणि नखांतला काळा रंग काडीने काढत राहायची. पोस्टमन येऊन गेला का, एवढंच विचारायची. तेव्हा मला या नियमांतलं काही कळत नव्हतं. आता कळतं, म्हणून तुझ्यामागे लागलोय.

लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत सूनबाई तिकडे उतरल्या तर कार्ड दोनच वर्षांचं मिळेल, आणि ते संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत ते कायम करून घ्यायला दोघांनी मिळून आय-७५१ अर्ज भरावा लागेल. दोन वर्षं पुरी होऊ द्यावीत असं तुला कुणीतरी सुचवलंय. महिन्याभराचाच फरक असेल तर तिकीट पुढे ढकला. त्याहून जास्त नको, छोटीचे दिवस त्यापेक्षा मोलाचे.

गणपतीला जरूर ये, पण अर्जाआधी सहा महिन्यांहून लांब मुक्काम करू नकोस. त्याने सलग वास्तव्यावर प्रश्न निघतो.

आपल्या जमिनीची काळजी करू नकोस. शपथेबरोबर आपलं नागरिकत्व १९५५ च्या कायद्याप्रमाणे आपोआप संपतं. मग पासपोर्ट जमा करून ओसीआय कार्ड घ्यायचं. वारसाने आलेली भातजमीन तुझ्याकडे राहू शकते, विकायची झाली तर इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. ‘नागरिक व्हायच्या आधी दोन एकर घेऊन ठेव’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. परदेशी राहणाऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पासपोर्ट भारतीय असला तरी. वारसनोंदीचा फेरफार मी टाकतो, तू सहीपुरता ये.

तू ती शपथ घेशील त्या दिवशी मला वाईट वाटेल. तुझ्या आजोबांनी तुझ्या जन्माची नोंद स्वतः जाऊन केली होती. पण ते माझं मी बघीन.

मंगळवारी पहिल्या गाडीने रोह्याला जातोय. रोहा अष्टमी नगरपरिषदेतून तुमच्या विवाहनोंदणीचा दाखला, छोटीचा जन्मदाखला आणि तिच्या वडिलांचा मृत्यूदाखला, तिन्हींच्या दोन-दोन प्रती काढतो. जन्मदाखल्यावर आईचं नाव माहेरचं आहे आणि पासपोर्टवर सासरचं, तेव्हा त्याचं प्रतिज्ञापत्रही करून घेतो. छोटी म्हणाली, शाळा बुडवून मीही येते आजोबा. म्हटलं, ये.

तुझा,
काका