वसंतातील हवामान व तलावातील मासळी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील जुन्या मालगुजारी तलावांवर अनेक ढीवर कुटुंबांची उपजीविका चालते. त्यांची मुले आपल्या शाळांत असतात. तथापि हवामानाचा पाठ बहुधा शेतीपुरताच शिकविला जातो. ही उणीव लहान नव्हे. फाल्गुन-चैत्रातील हवापालटाची झळ शेतकऱ्याइतकीच मासेमारासही लागते.

माशाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याप्रमाणे बदलते. पौषातील गार पाण्यात त्याचे पचन मंदावते व तो गळाच्या आमिषाकडे फारसा वळत नाही. फाल्गुनात पाणी उबदार होऊ लागले की त्याची हालचाल व भूक वाढते, आणि गळाला मासळी चांगली लागते. परंतु उष्णता आणखी वाढली की अडचण उभी राहते. 20 अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात हवेतील प्राणवायू सुमारे 9 मिलिग्रॅम विरघळू शकतो, तर 30 अंशांस सुमारे साडेसातच. म्हणजे माशाची गरज वाढते त्याच वेळी पुरवठा घटतो. म्हणून चैत्रातील भर दुपारी मासळी सावलीकडे किंवा खोल पाण्याकडे सरकते, आणि अनुभवी मासेमार त्या वेळी गळ टाकून बसत नाही.

खरा धोका मात्र ढगाळ दिवसाचा. पाण्यातील शेवाळ व वनस्पती सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडतात, आणि रात्री त्याच तो वापरतात. दिवसभर आभाळ दाटून राहिले व वारा पडला, तर पहाटे पाण्यात प्राणवायू फारच थोडा उरतो. अशा पहाटे कटला, रोहू, मृगळ पाण्याच्या पृष्ठाशी येऊन तोंड उघडून धापा टाकतात. नवख्यास वाटते, आज मासळी वर आली, गळ टाकावा! पण गुदमरलेला मासा आमिष घेत नाही. शेवाळाने हिरव्यागार झालेल्या उथळ तलावात एका पहाटेत वर्षभराची मासळी मरून तरंगू शकते. अशा वेळी माशांना खाद्य देणे थांबवावे व शक्य असल्यास ताजे पाणी सोडावे. मरळ मात्र बाहेरची हवाही घेत असल्यामुळे बहुधा तग धरते.

वर्गात प्रयोग सोपा आहे. काचेच्या पेल्यात थंड पाणी घेऊन तो उन्हात ठेवावा. थोड्या वेळाने आतील बाजूस बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. ती पाण्यात विरघळलेली हवाच होय. त्यानंतर ढीवर कुटुंबातील विद्यार्थ्यास घरी ऐकलेल्या खुणा सांगण्यास बोलवावे. त्या पुष्कळदा पाठ्यपुस्तकाहून नेमक्या असतात. चैत्रात पंधरा दिवस आभाळ, वारा, पाण्याचा रंग व घरी आलेली मासळी यांची नोंद मुलांकडून ठेवून घ्यावी. तलावाची पाहणी शिक्षकांसमवेत व काठावरूनच करावी. कोणासही पाण्यात उतरू देऊ नये.