तान्ह्या पोळ्याचा परिच्छेद

(नागपुरात महालातील एका प्राथमिक शाळेत चौथीचा वर्ग नुकताच हाती आलेली तरुण शिक्षिका आणि उभे आयुष्य मुलांना मराठी शिकवून निवृत्त झालेले तिचे मामा यांचे, पोळ्याच्या सणानंतर झालेले हे संभाषण.)

भाची : मामा, मुलांना तान्ह्या पोळ्यावर एक परिच्छेद लिहायला सांगितला होता. बहुतेकांनी लिहिले ते असे : ‘तान्हा पोळा हा माझा आवडता सण आहे. मला तो फार आवडतो. त्या दिवशी खूप मजा येते. सर्वजण आनंदी असतात.’ व्याकरणाची चूक काढू म्हटले तर एकही नाही, आणि तरी वाचून हाती काहीच लागत नाही.

मामा : लागणार कसे? पहिल्या वाक्याने एक विधान केले आणि उरलेल्या तिघांनी त्याला आधार देण्याऐवजी तेच पुन्हा उच्चारले. पण यात मुलाचा दोष मला दिसत नाही. ज्याने लाकडी बैलाच्या शिंगांना आपल्या हाताने बेगड चिकटवली, गळ्यात घुंगरू बांधले, दोरी धरून त्याला गल्लीभर ओढत नेले, घरोघरी बोजारा मागितला आणि मिळालेल्या नाण्यांचा हिशेब ओट्यावर बसून भावंडांशी भांडत केला, त्या मुलाजवळ तपशिलाचा तोटा कसा असेल? हा तपशील कागदावर उतरण्याच्या योग्यतेचा आहे, एवढेच त्याला आजवर कोणी सांगितलेले नाही. उलट बाजारातील निबंधांच्या तयार पुस्तकांनी त्याच्या मनावर हेच ठसविले आहे की, लिहायचे म्हणजे आपले असे काहीही न लिहिता सर्वांना चालेल असे लिहायचे. त्या पुस्तकांनी मुलांचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे अशुद्धलेखनाने खचित केलेले नाही.

भाची : मी फळ्यावर चौकटी आखून दिल्या होत्या. वर मुख्य वाक्य, खाली आधाराची तीन वाक्ये, शेवटी समारोप. मुलांनी चौकटी भरल्या, पण मजकूर तोच.

मामा : प्रौढाच्या लेखनाला तो क्रम शोभतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी मी तो उलटा करीन. सामान्य विधान हे विचाराचे फलित असते. अनेक गोष्टी पाहून, ताडून पाहिल्यानंतर मन तिथवर पोहोचते. तेच जर तू आरंभी मागितलेस, तर मूल बिचारे कुठून तरी उसने आणून देणार, आणि उसन्या विधानाला स्वतःचा आधार त्याने कुठून आणावा? म्हणून आधी तपशील, आणि तोही तोंडी. बैल कोणी केला? चाके कशी आहेत? ओढताना आवाज कसा येतो? पहिला बोजारा कोणी दिला, आणि देताना काय म्हणाले? असे विचारत जावे आणि मुले सांगतील ते त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहावे.

भाची : त्यांच्याच शब्दांत म्हणजे? ‘आमी बैलाले सजवलं’ असे?

मामा : अगदी तसेच. पुस्तकी रूप उद्या करून घेता येईल. आज त्याच्या ‘बैलाले’वर तू आक्षेप घेतलास, तर बैलासकट सगळा मजकूर तो गिळून टाकील. ताराबाई मोडकांचे कार्य तुला ठाऊक आहे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सहवासात बालशिक्षणाचा अभ्यास केलेल्या या विदुषीने १९४५ साली बोर्डीला काम आरंभिले, तेव्हा महागडी साधने मागविण्यापेक्षा शंख-शिंपले, पाने, बिया यांनाच शिक्षणाचे साहित्य केले. जे मुलाच्या हाताखालचे आहे, त्यातूनच त्याची बुद्धी चालू लागते, ही त्यामागची श्रद्धा होती. लेखनाच्या बाबतीतही मला दुसरा मार्ग दिसत नाही.

भाची : तसेही करून पाहिले, मामा. फळा भरून गेला. पण मग मुलांनी ते सगळेच ओळीने लिहिले! सकाळी उठलो, आंघोळ केली, नवा सदरा घातला, बैल काढला, पुरणपोळी खाल्ली...

मामा : छान झाले! रिकाम्या परिच्छेदापेक्षा हा भरगच्च परिच्छेद शतपटीने बरा, कारण आता निवड करण्याजोगे काही हाती आहे. कोतवालीतला शिपाई पंचनामा करतो तेव्हा जागेवर सापडलेली प्रत्येक वस्तू त्याला नमूद करावीच लागते. परिच्छेद लिहिणाऱ्यावर मात्र तसे बंधन नाही, किंबहुना काय गाळावे हे ठरविणे हेच त्याचे खरे काम. समज, एका मुलीने सांगितले की तिचा बैल आजोबांच्या लहानपणचा आहे, त्याचे एक शिंग मोडलेले आहे, आईने ते दोऱ्याने बांधून दिले आहे, आणि शेजारचे काका बोजारा देताना ‘हा तर तुझ्या आजाचा बैल’ म्हणून ओळखतात. आता तिला विचार : या चारही गोष्टी मिळून काय सांगतात? ती थोडा वेळ घेईल, आणि म्हणेल, ‘आमचा बैल खूप जुना आहे, पण आम्ही तो टाकला नाही.’ हे तिचे मुख्य वाक्य. ते तिला तुझ्या चौकटीतून कधीच सापडले नसते.

भाची : आणि नवा सदरा?

मामा : तो वगळायचा. मात्र ‘चूक’ म्हणून त्यावर रेघ मारू नकोस. त्याचा स्वतंत्र परिच्छेद होईल, असे सांग. एका परिच्छेदात एकाच गोष्टीचा कारभार, हे मुलाला अशा वगळण्यातूनच उमगते.

भाची : पण प्रत्येक विषय डोळ्यांनी पाहिलेला कुठे असतो? त्याच दिवशी मिरवणुकीने निघणाऱ्या मारबतीच्या पुतळ्यावर एकाने लिहिले, ‘काळी मारबत १८८१ पासून निघते.’ आणि पुढे लगेच, ‘मला तिची भीती वाटते.’

मामा : वा! इथे फार मोलाचा धडा आहे. तपशील खरा असला तरी तो कोणत्या विधानाचा आधार, हे पाहावे लागते. १८८१ हा सन ‘ही प्रथा जुनी आहे’ या वाक्याला बळ देतो. भीतीला त्याचा काही उपयोग नाही. भीतीला आधार हवा तो तिच्या उंचीचा, काळ्या रंगाचा, ‘घेऊन जा गे मारबत’ या गर्दीच्या ओरडण्याचा. शिवाय मुलांना आणखी एक सवय लाव : मी पाहिले, मी ऐकले आणि मी वाचले, हे तीन प्रकार त्यांनी वेगळे ठेवावेत. काळ्या मारबतीचा संबंध भोसल्यांच्या बाकाबाईंनी इंग्रजांशी केलेल्या सलगीशी लोक जोडतात. तिथे मुलाने ‘आजोबा सांगतात’ असे लिहिले, तर आपल्या म्हणण्याला दाखला कोणाचा हे नोंदविण्याचा प्रामाणिकपणा त्याच्या अंगी चौथीतच मुरू लागेल. गांधी दरवाज्यापाशी एकदा वर्ग घेऊन जा. दगड मुले स्वतः पाहतील. त्याला पूर्वी जुम्मा दरवाजा म्हणत, हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकतील. आणि गोंड राजा चांदसुलतानाने शहराभोवती कोट बांधला, हे पुस्तकात वाचतील. एका वास्तूत तिन्ही प्रकारचे आधार.

भाची : परिच्छेद पाडण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे का हो?

मामा : भोसल्यांच्या दफ्तरातला मोडी कागद पाहिलास तर आधी ओढलेल्या शिरोरेषेखाली मजकूर अखंड वाहत जातो; शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हे नाहीत. मुद्रणकलेबरोबर मेजर कँडीच्या खटपटीने विरामचिन्हे मराठीत रुजली आणि १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमाला सुरू केली, त्यानंतर विचार टप्प्याटप्प्याने मांडण्याची शिस्त आपल्या गद्याला लागत गेली. तेव्हा मुलाला ती एका सत्रात यावी, अशी घाई नको.

भाची : शेवटचे विचारते. वर्गात एवढी मुले. प्रत्येकाशी असे बोलणार कधी?

मामा : रोज काही थोड्याच वह्या घे. तांबड्या शाईने शुद्धलेखन तपासण्यापूर्वी समासात एकच प्रश्न लिही, आणि तोही त्या मुलाच्या मजकुरातून निघालेला : ‘मजा आली म्हणजे काय झाले?’ ‘काका कोणते?’ उत्तर त्याने समोरच्या कोऱ्या पानावर लिहावे, आणि दुसऱ्या दिवशी ते परिच्छेदात कुठे बसते, हे शेजारच्या मुलाला वाचून दाखवून त्याचे त्यानेच ठरवावे. जोडीदाराला ऐकून जिथे शंका येईल, तिथे आणखी एक प्रश्न त्यानेच लिहावा. पंधरवड्याने पाहा, समासातले प्रश्न तुझ्यापेक्षा मुलांच्याच हातचे अधिक असतील. शुद्धलेखन त्यानंतर तपास.