शेजाऱ्याने दिलेली टर्फची गोणी

अगं, ती गोणी परत करू नकोस. शेजारचे आजोबा ती घेऊन आले, म्हणजे आयर्लंडमधल्या या ऑफली परगण्याच्या रिवाजाने त्यांनी तुझी ओटीच भरली म्हण. आणि बेकायदा असेल म्हणून घाबरलीस, तेही उगाच. 31 ऑक्टोबर 2022 पासून आयर्लंडभर जो नियम आहे, त्यात टर्फ दुकानातून, ऑनलाइन किंवा जाहिरात देऊन विकायला बंदी आहे. ज्यांच्याकडे बॉगवर, म्हणजे दलदलीच्या रानात, टर्फ कापायचा पिढीजात हक्क आहे, त्यांनी तो कापावा, घरी जाळावा, शेजाऱ्याला द्यावा. त्याला कोणी हात लावलेला नाही. तेव्हा आभार मान आणि डबाभर चकल्या पाठव.

गोणी घेतली म्हणजे ती पेटवलीच पाहिजे असं मात्र नाही. बाळाची छाती आधीच वाजते म्हणालीस. टर्फ म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचून दबलेला झाडपाला. कापून उन्हाळाभर वाळवला तरी त्यात पाणी राहतंच, आणि पाणी राहिलं की धूर आलाच. वारा नसलेल्या गारठ्याच्या रात्री तो धूर वर न जाता गल्लीतच तरंगतो. खिडकी किलकिली केलीस की तुझाच धूर तुझ्याच घरात. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, संकेतस्थळावर ताजे आकडे असतात. थंडीत संध्याकाळी सहानंतर बघ, काटा कसा चढतो ते. एरवी हवा इतकी स्वच्छ असलेल्या देशात सूक्ष्म कणांमुळे वर्षाला हजाराहून जास्त माणसं अकाली जातात असा त्यांचा अंदाज आहे, आणि त्या कणांचा मोठा वाटा घरोघरच्या शेगड्यांचा.

डब्लिनला पूर्वी याहून वाईट होतं. सत्तरच्या दशकात तेल महागलं तशी माणसं पुन्हा कोळशाकडे वळली आणि हिवाळ्यात शहर काळवंडायला लागलं. 1 सप्टेंबर 1990 ला मेरी हार्नी या मंत्रीणबाईंनी तिथे धुराच्या कोळशाची विक्रीच बंद केली. नीट ऐक, विक्री. घराघरांत जाऊन कोणाची चिमणी बघत बसले नाहीत, दुकानाच्या गल्ल्यावरच कोळसा अडवला. हवेतला काळा धूर जवळजवळ 70 टक्क्यांनी उतरला. श्वसनाच्या आजारांनी होणारे मृत्यू घटले. हृदयविकाराचेही घटले असं आधी वाटलं होतं, पण पुढे पुन्हा हिशेब मांडला तेव्हा त्याचं श्रेय बंदीला देता येईना. मला तर या दुरुस्तीमुळे उरलेला निष्कर्ष जास्त खरा वाटतो.

आता टर्फचं घोडं कुठे अडतं, ते कळलं ना? तो दुकानातून येतच नाही. बॉगवरून ट्रेलरमध्ये, ट्रेलरमधून मागच्या शेडमध्ये. अडवणार कुठे? 2022 च्या वसंतात तेव्हाचे पर्यावरणमंत्री ईमन रायन यांनी टर्फच्या विक्रीवर बंदी घालायचा प्रयत्न केला, तर खेड्यापाड्यांतले आमदार-खासदार, त्यांच्याच सरकारमधलेसुद्धा, अंगावर धावून आले. आणि आपले लिओ वराडकर! वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, म्हणून मी ‘आपले’ म्हणते. स्वतः डॉक्टर, तेव्हाचे उपपंतप्रधान. त्यांनी पक्षाच्या बैठकीत म्हणे इटालियनांचा पास्ता आणि फ्रेंचांची वाइन काढून घेण्याशी या बंदीची तुलना केली. मला हसूही आलं आणि रागही. पास्त्याचा वास शेजाऱ्याच्या फुप्फुसात जाऊन बसत नाही, डॉक्टरसाहेब.

तरीही तू कामावर चहाच्या वेळी यावर भाषण देऊ नकोस. आल्याला तुला चारच महिने झालेत. ज्या माणसाने लहानपणापासून जूनमध्ये बापाबरोबर बॉगवर पाठ मोडेपर्यंत टर्फ रचला, त्याला तो फुकटचा वाटत नाही, कमावलेला वाटतो. शिवाय ‘हीट पंप बसवा’ म्हणणं सोपं आहे. अनुदान वजा जाऊनही उरलेला खर्च ऐंशी वर्षांच्या आजोबांनी कुठून आणायचा? तुझ्यासारख्या भाडेकरूला तर भिंतीत खिळा ठोकायलाही विचारावं लागतं. बंदी आणली त्याच झपाट्याने अशा घरांची गळकी छपरं आणि फटींची दारं दुरुस्त केली असती, तर निम्मं भांडण झालंच नसतं, असं मला वाटतं. तरी उद्या मत द्यायची वेळ आली तर मी नियमाच्याच बाजूने देईन, अगदी अर्धवट असला तरी. विक्री अडवली की हवा सुधारते, हे कोळशाने सिद्ध करून दाखवलंय.

तू काय करायचंस, ते सांगते. दिवाणखान्यातली उघडी फायरप्लेस विसर. तिची बहुतेक ऊब चिमणीतून आकाशाला जाते. पेटवायचीच तर काचेच्या दाराची स्टोव्ह, तीही पाहुणे आले तर किंवा वीज गेली तर. लाकूड घेशील ते वाळवलेलं घे. त्यातल्या ओलीलाही नियमाने मर्यादा आहे. पेट्रोल पंपावरच्या जाळीच्या पिशवीतलं लाकूड हाताला जड लागलं तर ठेवून दे. कोळसा ‘स्मोकलेस’ लिहिलेलाच. रंगवलेलं जुनं फर्निचर, पिझ्झ्याचे खोके, डायपर यांतलं काहीही आत टाकायचं नाही, भाऊजींना हे दोनदा सांग. आणि ती गोणी शेडमध्ये कोरडी ठेव, वादळात चार दिवस वीज नसली की तीच कामाला येईल.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का घरात? नसेल तर या शनिवारी आण. चिमणी शेवटची कधी साफ केली, हे घरमालकाला आजच मेसेज करून विचार. फोनवर नको, लेखी.