हरवलेले शास्त्रीबुवा

सोलापुराहून विजापूरकडे जाणाऱ्या मार्गावर मंद्रूप हे गाव लागते. सीमेलगतचा हा मुलूख. येथे मराठीच्या जोडीने कानडीही सहज कानी पडते. त्यामुळे ‘अस्तु’ या मराठी चित्रपटातील चन्नम्मा बोलू लागली, की मंद्रूपच्या मुलांना ती आपल्याच गल्लीतील वाटेल.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०१३ सालचा. त्यातील डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. ग्रंथांच्या सहवासात आयुष्य घालविलेल्या या विद्वानास स्मृतिभ्रंश जडतो. या विकाराच्या एका प्रकाराचे वर्णन १९०६ साली अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी प्रथम केले. त्यात मेंदूतील पेशी हळूहळू निकामी होतात. सकाळी काय खाल्ले ते रोग्यास आठवत नाही. बालपणी पाठ केलेले मात्र पुष्कळदा ओठांवर असते. शास्त्रीबुवांची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली. ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. तेव्हा असे रोगी त्यांच्या पाहण्यातले असणारच!

एके दिवशी मोटारीत बसलेल्या शास्त्रीबुवांना रस्त्यावर हत्ती दिसतो आणि ते लहान मुलासारखे त्याच्या मागोमाग चालू लागतात. मुलगी इरा परत येऊन पाहते, तो वडील नाहीत! शोध सुरू होतो. वडिलांशी आपण कसे वागलो, हे तिला पदोपदी आठवू लागते. ज्यांची स्मृती गेली ते निश्चिंत, आणि जिची शाबूत आहे ती व्याकूळ!

इंग्लंडातील नामांकित गुप्तहेर शेरलॉक होम्स याच्यावरही २०१५ साली असाच एक चित्रपट निघाला. त्यात ९३ वर्षांचा होम्स माणसांची नावे शर्टाच्या बाहीवर लिहून ठेवतो. एका दुःखी स्त्रीचे मन ओळखूनही आपण तिला आधार दिला नाही, ही खंत त्याला जाळते. पण त्या चतुर होम्सला निदान आपल्याच स्मृतीचा माग काढता येतो. शास्त्रीबुवांना तेवढेही उरलेले नाही.

त्यांना आसरा मिळतो तो माहुताच्या बायकोचा. चन्नम्मा गरीब, अशिक्षित, कानडी वळणाचे मराठी बोलणारी. ही भूमिका करणाऱ्या अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हा म्हातारा कोण, कोठला, तिला ठाऊक नाही. तरी ती त्याला पोटच्या पोरासारखे जपते. आणि आपल्या मुलीलाही न ओळखणारे शास्त्रीबुवा तिच्यात आपली आई पाहतात.