जुन्या फायबरग्लास होडीची दुरुस्ती : घसारा, अनुदान आणि भांडवलाची निगा

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या आणि किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या बंगळुरूचा मासेमारीच्या होड्यांशी संबंध काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. तथापि देशातील मत्स्यबंदरांसाठी जागांची पाहणी करून आराखडे तयार करणारी केंद्र सरकारची किनारी अभियांत्रिकी संस्था याच शहरात आहे. १९६८ मध्ये मत्स्यबंदरांच्या गुंतवणूकपूर्व पाहणीचा प्रकल्प म्हणून तिची सुरुवात झाली. दुसरा संबंध साहित्याचा आहे. तेजस या हलक्या लढाऊ विमानाच्या सांगाड्यात तंतू आणि राळ यांपासून बनवलेल्या संमिश्र साहित्याचा मोठा वाटा असून त्या साहित्यावरील बरेचसे काम बंगळुरूत झाले. विमानात कार्बनचे तंतू असतात, तर मच्छीमाराच्या होडीत काचेचे. तत्त्व मात्र एकच : तंतूने ताकद द्यायची आणि राळेने त्याला धरून ठेवायचे.

अशा शहरातील एखाद्या कुटुंबाने किनाऱ्यावर पडून असलेली जुनी फायबरग्लासची होडी विकत घेऊन घराच्या अंगणात दुरुस्त करायला घेतली, तर तो व्यवहार शहाणपणाचा ठरेल काय? आणि हाच निर्णय मालवण, हर्णै किंवा कारवारच्या मच्छीमाराला घ्यावयाचा असेल, तर उत्तर तेच राहील काय? प्रश्न छोटा असला तरी घसारा, संधी खर्च, अनुदान आणि बाह्य परिणाम या अर्थशास्त्रातील चार महत्त्वाच्या संकल्पना त्यात एकत्र येतात.

फायबरग्लासचा प्रवास

भारतीय किनाऱ्यावरील परंपरागत होडी लाकडाची. उत्तम लाकूड दुर्मीळ व महाग होत गेले, तसा पर्यायांचा शोध सुरू झाला. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने लाकडी होड्यांवर फायबरग्लासचे आवरण चढवण्याचे प्रयोग केले. अन्न व कृषी संघटनेच्या पुढाकाराने १९७९ मध्ये सुरू झालेल्या बंगालचा उपसागर कार्यक्रमाने पूर्व किनाऱ्यावरील लाटांतून थेट वाळूवर आणता येतील अशा होड्या विकसित केल्या. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मदत म्हणून फायबरग्लासच्या होड्या मोठ्या संख्येने वाटल्या गेल्या आणि ओंडक्यांच्या परंपरागत कट्टुमरमची जागा अनेक गावांत त्यांनी घेतली. घाईने बांधलेल्या होड्यांचा दर्जा आणि गरजेपेक्षा वाढलेली संख्या यांविषयी त्या वेळीच चिंता व्यक्त झाली होती. दान मिळालेल्या भांडवलाच्या देखभालीची तरतूद कोणी करायची, हा प्रश्न तेव्हापासून शिल्लक आहे.

होडी जुनी होते म्हणजे काय होते?

फायबरग्लास गंजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, म्हणून ते अविनाशी आहे असा समज असतो. तो बरोबर नाही. होडीच्या बाहेरच्या अंगाला जेलकोट नावाचा, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा राळेचा थर असतो. त्याखाली काचतंतूंची मॅट आणि विणलेले कापड पॉलिएस्टर राळेत भिजवून एकावर एक बसवलेले असते. वर्षानुवर्षे पाण्यात राहिल्यावर पाण्याचे रेणू जेलकोटमधून आत शिरतात, राळेतील विद्राव्य घटकांशी मिसळतात आणि परासरणाच्या दाबाने पृष्ठभागावर फोड येतात. वाळूवर ओढल्याने तळ झिजतो. आदळआपटीने थर एकमेकांपासून सुटतात. सर्वांत घातक बिघाड बहुधा डोळ्यांना दिसत नाही : ज्या पाठीमागच्या फळीवर इंजिन बसवतात, तिच्या पोटातील प्लायवूड स्क्रूच्या भोकांतून पाणी मुरून कुजते.

म्हणून दुरुस्तीची पहिली पायरी तपासणी ही होय. लहान हातोडीने किंवा नाण्याने होडीवर ठोकत गेल्यास भरीव जागी खणखणीत आणि सुटलेल्या जागी बद्द आवाज येतो. खराब भाग चांगला थर लागेपर्यंत घासून काढावा लागतो. तडा कितीही लहान असला तरी त्याच्या कडा लांबवर उतरत्या घासतात. जाडीच्या सुमारे बारापट अंतरापर्यंत उतार दिला, तर नवा थर जुन्याला पुरेशा क्षेत्रावर चिकटतो आणि भार सर्वत्र वाटला जातो. नुसती भेग बुजवली तर ती पुन्हा उघडते. त्यानंतर होडी पूर्ण कोरडी होऊ देणे, ॲसिटोनने पुसणे, मॅट व कापडाचे थर राळेत भिजवून रोलरने हवा काढत बसवणे आणि शेवटी जेलकोट देणे, असा क्रम असतो.

राळ घट्ट होण्यासाठी वापरला जाणारा पेरॉक्साइड उत्प्रेरक साधारणतः एक ते दोन टक्के इतकाच लागतो. तो आणि कोबाल्टचा वेगवर्धक थेट एकमेकांत मिसळल्यास स्फोट होऊ शकतो. स्टायरीनची वाफ व काचेची धूळ फुफ्फुसांना अपायकारक आहे. घरी केलेल्या दुरुस्तीत मुखवटा, हातमोजे आणि मोकळी हवा यांवरील खर्च टाळण्याजोगा नसतो.

येथे हवामानाचा मुद्दा येतो. ओलाव्यात राळ नीट जमत नाही. बंगळुरूचे कोरडे, सौम्य महिने या कामाला अनुकूल आहेत. पश्चिम किनाऱ्यावर मात्र यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. मच्छीमाराला सवड मिळते ती नेमकी याच काळात, आणि तेव्हाच पाऊस कोसळत असतो. होडी केवळ शाकारून ठेवता येते, पण दुरुस्तीसाठी पक्के छप्पर लागते. ते नसल्यास सवड असूनही काम होत नाही.

आकडेमोड : एक काल्पनिक उदाहरण

पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. नव्या होडीची किंमत ४,५०,००० रुपये आणि आयुष्य १५ वर्षे धरू. सरळ रेषा पद्धतीने वार्षिक घसारा ३०,००० रुपये होतो. जुन्या होडीची बाजारातील किंमत ५०,००० रुपये, दुरुस्तीच्या साहित्याचा खर्च ७०,००० रुपये आणि दुरुस्तीनंतर मिळणारे आयुष्य ५ वर्षे मानू.

बंगळुरूच्या कुटुंबाला होडी आणण्यासाठी आणखी ३०,००० रुपये वाहतूक पडते. एकूण १,५०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ३०,००० रुपये. नव्या होडीइतकाच हा खर्च झाला आणि त्यात कुटुंबाच्या शेकडो तासांच्या श्रमांची किंमत धरलेली नाही. त्या तासांत अन्यत्र मिळाले असते ते उत्पन्न, म्हणजे संधी खर्च, मिळवला तर दुरुस्ती महाग ठरते. छंदातून मिळणारे समाधान हाच तिचा खरा मोबदला.

मच्छीमाराची होडी त्याच्या दारातच आहे. वाहतूक नाही आणि बंदीच्या काळात श्रमांचा संधी खर्च बराच कमी. मात्र स्वतःची होडी फुकट आहे असे त्याने समजू नये. ती विकून ५०,००० रुपये मिळाले असते, म्हणून ती रक्कम हिशेबात धरलीच पाहिजे. याउलट १० वर्षांपूर्वी होडीसाठी मोजलेली मूळ किंमत हा बुडीत खर्च आहे. त्याचा आजच्या निर्णयाशी संबंध नाही. त्याचा वार्षिक खर्च १,२०,००० भागिले ५, म्हणजे २४,००० रुपये. दुरुस्ती निश्चितपणे स्वस्त.

आता नव्या होडीवर ४० टक्के अनुदान मिळाले असे समजू. मच्छीमाराचा खर्च २,७०,००० रुपयांवर येतो आणि वार्षिक भार १८,००० रुपये होतो. त्याच्या दृष्टीने नवी होडी घेणे शहाणपणाचे ठरले. समाजाच्या दृष्टीने मात्र काहीही बदललेले नाही : नवी होडी अजूनही वर्षाला ३०,००० रुपयांचीच आहे. खासगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील अंतर ते हेच. व्याज येथे सोयीसाठी वगळले आहे. ते धरल्यास जास्त पैसा गुंतलेल्या नव्या होडीचा खर्च अधिक वाढतो, पण अनुदान निर्णयाला कोणत्या दिशेने ढकलते ते बदलत नाही.

शिवाय विकलेली जुनी होडी समुद्रातून बाहेर जात नाही. ती दुसऱ्याच्या हाती मासेमारी करीत राहते. बदलीसाठी दिलेले अनुदान अशा रीतीने एकूण क्षमता वाढवू शकते. मासळीचा साठा सर्वांचा असल्याने त्या वाढीचा भार सर्वांच्या जाळ्यांवर पडतो.

राष्ट्रीय लेख्यांतील स्थान

नवी होडी खरेदी झाली की ती स्थूल स्थिर भांडवल निर्मितीत मोजली जाते. होडीचे आयुष्य किंवा क्षमता लक्षणीय वाढवणारी मोठी दुरुस्तीही त्यात येते. नेहमीची देखभाल मात्र उत्पादनासाठी खर्ची पडलेला मध्यवर्ती उपभोग मानली जाते. मच्छीमाराने स्वतः केलेल्या नेहमीच्या दुरुस्तीचे श्रम वेगळे मोजले जात नाहीत, त्यांचा मोबदला त्याच्या मिश्र उत्पन्नातच सामावतो. बंगळुरूच्या कुटुंबाने हौसेच्या होडीवर घरातील माणसांकरवी केलेले काम तर उत्पादनाच्या कक्षेबाहेर राहते. तेच काम कारखान्यात करून घेतले असते तर ते मोजले गेले असते. म्हणूनच स्थूल आकड्यांकडे पाहणाऱ्याला नवी खरेदी ठळक दिसते आणि चांगली निगा दिसत नाही. भांडवल किती टिकले हे कळण्यासाठी घसारा वजा केलेली निव्वळ भांडवल निर्मिती पाहावी लागते.

टाकाऊ होडीचा प्रश्न

लाकडी होडी अखेरीस कुजून मातीत मिसळते. फायबरग्लासमधील राळ एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे थर्माकोल किंवा पॉलिथिनप्रमाणे ती वितळवून नवी वस्तू करता येत नाही. जाळल्यास विषारी धूर होतो आणि काच शिल्लक राहते. टाकून दिलेली होडी किनाऱ्यावर झिजत सूक्ष्म कण सोडते. या हानीची किंमत होडीच्या विक्रीमूल्यात कोठेही नसते. हा नकारात्मक बाह्य परिणाम होय. दुरुस्तीने वाढलेले प्रत्येक वर्ष हा खर्च पुढे ढकलते, परंतु तो नाहीसा करीत नाही.

धोरणाची दिशा

२०२० मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेचा आराखडा २०,०५० कोटी रुपयांचा होता. लाभार्थीनिहाय घटकांत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला, अनुसूचित जाती व जमातींना ६० टक्के साहाय्य ठरले आणि परंपरागत मच्छीमारांना होड्या व जाळी देण्याचा समावेश झाला. गरीब मच्छीमाराला सुरक्षित होडी मिळावी हा हेतू योग्यच आहे. कुजलेल्या फळीची होडी खोल समुद्रात नेणे म्हणजे जिवाशी खेळ, आणि प्रत्येक जुनी होडी दुरुस्त करण्याजोगी नसते.

तरीही वरील विवेचनातून तीन गोष्टी निघतात. पहिली, नव्या होडीला जेवढे साहाय्य, त्याच प्रमाणात प्रमाणित दुरुस्तीलाही मिळाल्यास निवड निःपक्षपाती होईल. दुसरी, बदलीच्या अनुदानाबरोबर जुनी होडी मोडीत काढल्याचा दाखला आणि तिच्या विल्हेवाटीची सोय असावी. तिसरी, बंदरांच्या आराखड्यांत धक्का व लिलावगृहाइतकेच महत्त्व छप्पर असलेल्या दुरुस्तीच्या जागेला आणि प्रशिक्षित कारागिरांना मिळावे. मच्छीमाराचे पावसाळ्यातील ६१ दिवस तेव्हाच उत्पादक ठरतील.

विकास म्हणजे केवळ नवे भांडवल उभे करणे नव्हे. असलेले भांडवल किती काळ आणि किती सुरक्षितपणे कामी येते, हाही त्याचाच भाग आहे.

सरावासाठी प्रश्न

१. बुडीत खर्च आणि संधी खर्च यांतील फरक होडीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

२. वरील उदाहरणात अनुदान ६० टक्के धरल्यास मच्छीमाराचा वार्षिक भार किती होईल? सामाजिक खर्चावर त्याचा काय परिणाम होईल?

३. स्थूल व निव्वळ भांडवल निर्मितीतील फरक सांगून देखभालीचे महत्त्व विशद करा.