दवाखान्याचा एमसीबी सारखा पडतोय? मोठा विकू नका!

इलेक्ट्रिकलच्या धंद्यात उतरू पाहणारे बरेच जण विचारतात, "सर, दुकानं तर गल्लोगल्ली झालीत, मी वेगळं काय करू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. आपल्या भागातल्या दहा-वीस खाटांच्या दवाखान्यांचं विजेचं मेंटेनन्स बघा. बेलापूरच्या माझ्या दुकानाचा निम्मा खर्च आज अशा वार्षिक करारांवर निघतो. पण हे काम पंखे बसवण्यासारखं नाही, आणि हे मी चूक करून शिकलोय.

करोनाच्या आधीची गोष्ट. श्रीरामपूरकडच्या एका दवाखान्यातून फोन आला. वॉर्डातला १६ अँपिअरचा एमसीबी सारखा पडत होता. डॉक्टर वैतागलेले, पेशंट उकाड्याने हैराण. मी गेलो, ३२ चा बसवला, पैसे घेतले, निघालो. ट्रिपिंग थांबलं म्हणून त्यांनी त्याच लाइनवर दुसरा एसी लावला. आठवड्याभरात सिस्टरचा फोन, "दादा, भिंतीतून जळका वास येतोय." बोर्ड उघडला तर वायरचं इन्सुलेशन बिस्किटासारखं हातात तुटत होतं. वायर दीड स्क्वेअर एमएमची, जुनी. एमसीबी बिघडलाच नव्हता हो! तो वायरला वाचवत होता आणि मी त्यालाच गप्प केलं होतं.

करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. एवढं एक गणित पाठ करून ठेवा.

पुढे ६ नोव्हेंबर २०२१ ला नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या दिवशी ११ रुग्ण गेले. सुरुवातीला शॉर्ट सर्किटचा संशय व्यक्त झाला होता. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्यात नवजात बाळांच्या विभागात आग लागून १० बाळं गेली होती. नगरची बातमी दुकानात बसून बघताना मला तो जळका वास आठवत होता. घरात आग लागली तर माणूस पळतो. ऑक्सिजनवरचा पेशंट कुठे पळणार?

म्हणून दवाखान्यात गेलात की आधी माल काढू नका, वही काढा. कुठल्या लाइनवर कोणतं मशीन आहे ते लिहा. दीड टनाचा एसी साधारण ७-८ अँपिअर घेतो, पाणी तापवायचं भांडं तेवढंच घेतं. बेरीज केली की रोग दिसतो. मग वायर बदला, एसीला वेगळी लाइन द्या. त्या वायरला शोभेल तेवढाच एमसीबी बसवा.

जनरेटरचं तर विचारूच नका. "दर सोमवारी चालू करून बघतो" असं सगळेच सांगतात. रिकामा चालवतात! त्यातून फक्त इंजिन सुरू होतं एवढंच कळतं, वर डिझेल इंजिन बिनलोड चालवून आत काजळी धरते. अमेरिकेतलं एनएफपीए ११० हे मानक सांगतं, महिन्यातून एकदा किमान ३० मिनिटं, निदान ३० टक्के लोडवर चालवा. आपणही तसंच करायचं. ऑपरेशन नसलेला दिवस बघा, डॉक्टरांना आणि सिस्टरना आधी सांगा, व्हेंटिलेटरचा बॅटरी बॅकअप तपासा आणि मगच मेन बंद करून घड्याळ लावा. चेंजओव्हर व्हायला किती सेकंद लागले ते लिहा. मला जनरेटर न लागण्याचं कारण बहुतेक वेळा बॅटरीतच सापडलंय. टर्मिनलवर पांढरी पूड साचलेली, कुणी बघितलेलंच नसतं. यूपीएसचंही तसंच. लेबलवर लिहिलेली मिनिटं सोडा, प्रत्यक्ष किती मिनिटं चालला ते मोजा.

जुनं पॅनेल बदलताना पूर्ण दवाखाना एकदम बंद करायचा नाही. एकेक वॉर्ड घ्या, आधी तात्पुरती लाइन द्या. परत जोडताना दोन गोष्टींवर डोळा ठेवा. न्यूट्रल ढिला राहिला तर २३० व्होल्टच्या मशीनवर ४०० च्या जवळपास व्होल्टेज जाऊ शकतं, मग मॉनिटर गेलेच समजा. आणि फेजचा क्रम उलटा झाला तर थ्री फेज मोटर उलटी फिरते. लिफ्ट, कॉम्प्रेसर, सक्शन पंप, सगळं तपासूनच किल्ली परत द्या.

यासाठी विद्युत ठेकेदाराचं लायसन आणि परवानाधारक वायरमन लागतो. तुमच्याकडे नसेल तर लायसन असलेल्या ठेकेदाराबरोबर भागीदारी करा. इथे जुगाड चालत नाही.

आता पैशाचं. करारात फेऱ्या ठरवून लिहा, रात्रीच्या कॉलचा वेगळा दर लिहा, माल वेगळा. सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणणारच, "काही बिघडलंच नाही, मग पैसे कशाचे?" तेव्हा रजिस्टर पुढे ठेवायचं. तारीख, चेंजओव्हरचे सेकंद, बॅटरीचं व्होल्टेज, घट्ट केलेले जोड, आणि खाली त्यांचीच सही. माझे करार त्या वहीवरच रिन्यू होतात. त्या पहिल्या दवाखान्याची वायरिंग मी नंतर मजुरी न घेता बदलून दिली. महिनाभराची कमाई गेली, पण ते डॉक्टर आजही माझे ग्राहक आहेत.

रजिस्टरचं पान कसं आखायचं ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो. तोवर ओळखीच्या एका दवाखान्यात परवानगी घेऊन जा. काही उघडायचं नाही, हात लावायचा नाही. बोर्डवरच्या एमसीबींचे आकडे आणि त्या लाइनवरची मशीनं तेवढी लिहून आणा.