‘तशा बऱ्या आहेत, पण…’

ये, बस. चहा टाकलाय. ‘मला नको’ म्हणशील हे माहीत होतं, म्हणून न विचारताच दोन कप टाकलाय.

काल जिन्यात बोलता बोलता सांगून गेलीस, की मुक्त विद्यापीठाचा बी. ए. चा फॉर्म मोबाइलवर अर्धा भरलाय आणि तीन आठवडे तसाच पडलाय. का गं, विचारलं तर हसलीस आणि म्हणालीस, ‘‘ताई, मला कुठं जमायलंय ते!’’ खरं सांगू का, तुझं ते हसणं काही मला पटलं नाही. आणि ते वाक्य तर तुझं नव्हतंच. आवाज तुझा, वाक्य दुसऱ्या कुणाचं तरी.

आठवून बघ, पहिल्यांदा कोण म्हणालं होतं? भाकरी थापताना मोडली तेव्हा आजी? पाढा चुकला तेव्हा शाळेतले कुणी? की लग्नानंतर, भरल्या पंगतीत, ‘हिला एक काम धड येत नाही’ म्हणणारं कुणी? वैर धरून बोलणारे थोडेच असतात. बाकीच्यांची आपली सवय. पण आपल्याकडे बोअरचं पाणी तापवून तापवून हंड्याला आतून पांढरा थर चढतो ना, तसंच होतं बघ. एका दिवसात काहीच दिसत नाही. दहा वर्षांनी आत डोकावलं तर वाटतं, हंडा पांढराच होता की काय! अगं, तांब्याचाच आहे तो. फक्त चिंच लावून घासावा लागतो, आणि एका घासण्यात निघत नाही. दंड दुखतात.

आता माझी फजिती ऐक. बचत गटात नवीन होते तेव्हाची गोष्ट. प्रदर्शनात स्टॉल मिळाला, मी बाजरीच्या खारोड्यांची बारा पाकिटं नेली. पहाटे उठून शिजवलेल्या, गच्चीवर राखण करून वाळवलेल्या. कडक इस्त्रीच्या साडीतल्या एक बाई आल्या, पाकीट उचललं आणि विचारलं, ‘‘कशा आहेत?’’ आणि तुझी ही शहाणी ताई काय म्हणाली? ‘‘तशा बऱ्या आहेत, पण यंदा ऊन नीट लागलं नाही, तिखटही जरा कमीच पडलंय…’’ बाईंनी पाकीट अलगद खाली ठेवलं. शेजारच्या स्टॉलवरच्या काकूंच्या शेवेचा एसटीत पार भुगा झाला होता. त्या ठसक्यात सांगत होत्या, ‘‘ही खास मिसळीसाठी बारीक केलीय.’’ दुपारपर्यंत त्यांची टोपली रिकामी! माझी अकरा पाकिटं घरी परत. बारावं आमच्या अध्यक्षबाईंनी घेतलं, दया म्हणून. दिवाळीपर्यंत आम्ही खारोड्याच खात होतो. आणि छान होत्या गं त्या!

त्या दिवशी मला कुणीही नावं ठेवली नव्हती, हे रात्री भांडी घासताना लक्षात आलं. ठेवणारे शंभर मैलांवर होते. त्यांचं काम मीच करत होते, तेही बिनपगारी.

आपल्या गावाचंच बघ. जुनी माणसं कौतुकानं म्हणत आली, ‘जालना, सोने का पालना’. धूळ आहे, पाण्याची बोंब आहे, पण गाव ते नाव अजून मिरवतं. कुणी तसं म्हणत राहिलं की मनात बसतं. उलटंही तसंच बसतं. साताऱ्याची ती बातमी आठवते का? मुलगा हवा असताना झालेल्या मुलींची नावंच ‘नकोशी’, ‘नकुसा’ ठेवलेली. 22 ऑक्टोबर 2011 ला जिल्हा परिषदेनं कार्यक्रम घेऊन अशा 285 मुलींना नवी नावं दिली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. मला फार बरं वाटलं तेव्हा. पण मग मनात आलं, दाखल्यावरचं नाव एका दिवसात बदललं, गल्लीतून येणारी हाक कधी बदलली असेल? आणि त्या मुलीच्या स्वतःच्या मनातली? तुझ्या जन्मदाखल्यावर चांगलं नाव आहे, पण आतल्या कागदावर काहीतरी ‘नकोशी’सारखंच लिहिलंय. ते खोडायला कुठलं ऑफिस येणार नाही, हाच काय तो त्रास.

सिंधुताई सपकाळांना तर घरात ‘चिंधी’ म्हणायचे. 14 नोव्हेंबर 1948 ला वर्धा जिल्ह्यातल्या पिंपरी मेघेला जन्म, शिक्षण जेमतेम चौथी, लहानपणी लग्न, दिवस भरलेले असताना घराबाहेर काढलं आणि गोठ्यात बाळंतपण. पुढं अनाथ लेकरांची माय झाल्या, 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. हे तुला ठाऊक आहे, सिनेमात पाहिलंयस. मी सांगतेय ते त्यातली एकच गोष्ट धरून. ज्या नवऱ्यानं हाकललं तो म्हातारपणी परत आला, तेव्हा त्यांनी त्याला आसरा दिला तो नवरा म्हणून नव्हे, लेकरू म्हणून. बघ हं, तो येऊन ‘माझं चुकलं, तू चांगली होतीस’ म्हणेल आणि मग मी कामाला लागेन, अशी वाट त्यांनी पाहिली नव्हती. तू पाहतेस. मीही पाहिली. माझ्या एका नातलगानं एकदा तरी ‘पोरगी हुशार आहे’ म्हणावं म्हणून मी पंधरा वर्षं त्यांच्यासमोर पुरणपोळ्या वाढल्या. ते पोळ्या जेवले, दुसरी मागून घेतली, आणि म्हणाले, ‘‘तूप कमी आहे.’’

मोठ्यांची उदाहरणं देऊन तुला गप्प करायचं नाहीये, उलट त्याचा मला रागच येतो. आपल्याच जिल्ह्यातला अन्सार शेख बघ. वडील रिक्षा चालवायचे, आई शेतात मजुरीला. 2015 च्या परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात, एकविसाव्या वर्षी, 361 व्या क्रमांकानं तो यूपीएससी पास झाला. तेव्हापासून जिल्ह्यातल्या प्रत्येक लेकराला ऐकावं लागतंय, ‘त्याला जमलं, तुला काय धाड भरली?’ म्हणजे कौतुकाच्या गोष्टीचीही आपण काठी केली! त्याच गोष्टीतला दुसरा तुकडा मात्र कुणी सांगत नाही. तो चौथीत असताना नातेवाइकांच्या सांगण्यावरून वडील त्याला शाळेतून काढायला गेले होते. शिक्षक म्हणाले, पोरगा हुशार आहे, काढू नका. बस, एवढंच. म्हणजे तिथंही आधी ‘नको’ म्हणणारे होतेच, आणि ‘असू दे’ म्हणणारं एक माणूस भेटलं. तुला शाळेत ते माणूस भेटलं नाही. वाईट झालं, त्यात तुझी काही चूक नाही. आता मी आहे ना वरच्या मजल्यावर.

‘आधी आत्मविश्वास येऊ दे, मग करीन’ असं म्हणशील तर कान पिळीन. तो आधी येतच नाही गं! अल्बर्ट एलिस म्हणून एक अमेरिकन मानसतज्ज्ञ होते. अंजली जोशींची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी आहे त्यांच्यावर, माझ्याकडून घेऊन जा. एकोणीस वर्षांचे असताना त्यांना मुलींशी बोलायची भयंकर भीती. मग महिनाभर न्यूयॉर्कच्या एका बागेत जायचं आणि बाकावर एकटी मुलगी दिसली की जाऊन बोलायचंच, असं ठरवलं. शंभरेक जणींशी बोलले. भेटायला कबूल झाली एकच. आणि तीही आली नाही! पण शंभर नकार खाऊनही आपण जिवंत आहोत, हे त्यांना कळलं आणि भीती गेली. पुढं ते हेच सांगत राहिले, की कामाला मार्क द्या, माणसाला देऊ नका. माझ्या भाषेत सांगायचं तर खारोडी खारट झाली म्हणून तू खारट होत नाहीस.

तेव्हा या आठवड्यात फक्त एवढं कर. कुणी ‘साडी छान आहे’ म्हटलं तर ‘जुनीच आहे हो, सेलमधली’ हे शेपूट लावायचं नाही. ‘थँक्यू’ म्हणायचं आणि तोंड बंद. फार अवघड जातं, सांगून ठेवते. मी पहिल्यांदा केलं तेव्हा जीभ चावली होती. आणि येत्या लग्नात कुणी टोमणा मारलाच, तर भांडू नकोस, खुलासाही देत बसू नकोस. ‘बरं’ म्हण आणि मठ्ठ्याचा ग्लास घेऊन दुसऱ्या खुर्चीवर जा. सगळ्या वाक्यांना उत्तर द्यायचं कंत्राट घेतलंयस का?

एक मात्र नीट विचारते, खरं सांग. सकाळी उठावंसंच वाटत नाही, जेवण जात नाही, झोप उडालीय, ‘मी नसते तर बरं’ असं मनात येतं, असं होतं का? होत असेल तर ते माझ्या चहानं बरं व्हायचं नाही. 14416 वर फोन कर, सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. नाहीतर माझ्याबरोबर मानसोपचारतज्ज्ञांकडे चल. दात दुखला तर जातो ना आपण? आणि लोक काय म्हणतील याची काळजी करू नकोस, लोक असंही म्हणतातच.

बरं, आता मोबाइल काढ. बघू कुठं अडलीस. मी स्वतः मुक्त विद्यापीठातूनच बी. ए. केलं, पोरगा आठवीत असताना. इंग्रजीत एकदा लटकले, निकाल त्यानंच पाहिला आणि घरभर ओरडला, ‘‘आई नापास!’’ दुसऱ्या वेळी निघाला तो पेपर. जग काही बुडालं नाही, फक्त पोरगा आठवडाभर मला ‘अभ्यास कर’ म्हणत होता.

हं, बारावीची मार्कशीट जोडायची राहिलीय होय? ती आण खालून. आणि फोटो? ‘‘माझा फोटो चांगला येत नाही’’ म्हणतेस? अगं बाई, पासपोर्ट फोटो कुणाचाच चांगला येत नाही. माझ्या ओळखपत्रावर मी दरोडेखोर दिसते. चल, चहा संपव, कोपऱ्यावरचा फोटोवाला आठला बंद करतो.